धुऱ्यावरचा तिसरा

बाबा,

तेल्हाऱ्याच्या काकांना नवा पाय करून दिला. उजवा, गुडघ्याखाली चार बोटांवर तुटलेला. तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. तुमच्या वेळचा तो पत्र्याचा पाय, ज्याच्या घोट्यातून चालताना किर्र किर्र वाजायचं, केव्हाच भंगारात गेला. त्यानंतरचे तीन मी केले आणि हा चौथा. वजन एक किलो चारशे ग्रॅम. काट्यावर टाकून सांगतोय. अंदाजानं मी काही सांगत नाही, हे अमरावतीत आता बऱ्याच जणांना माहीत आहे. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आणि त्याआधीची एकोणीस वर्षं आपण दोघं एकमेकांशी पाऊस, बैल आणि एस.टी.ची वेळ यापलीकडे काही बोललो नाही.

म्हणून आधी माझं सांगून घेतो. बडनेरा रोडवर माझा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं छत, एक भट्टी, एक ग्राइंडर आणि दोन कारागीर. पण पाटीवर मी कारखानाच लिहून घेतलंय. दहावी नापास माणसाकडे हाडांचे डॉक्टर पेशंट पाठवतात आणि चिठ्ठीवर लिहितात, 'यांच्याकडूनच करून घ्या.' त्या चिठ्ठ्या मी फायलीला लावून ठेवल्या आहेत. या विषयाची पुस्तकं इंग्रजीत असतात. ती मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली, एकेका पानाला चार-चार दिवस लावून. थ्रेशरमध्ये गेलेले पाय, साखरेनं सडलेले, बडनेऱ्याला चालत्या गाडीत चढताना गेलेले, मेळघाटात अस्वलानं फाडलेला एक, असे सगळे माझ्या हाताखालून गेलेत. उरलेल्या पायावरून हात फिरवला की तो कसा गेला ते मला कळतं, असं मी लोकांना सांगत आलो. काकांच्या पायावरून मी पस्तीस वर्षं हात फिरवला, आणि मला काही कळलं नव्हतं.

शिकलो तर मी त्यांच्याच पायावर. दिवाळी झाली की तुम्ही मला घेऊन निघायचे. नांदगाव खंडेश्वरहून अमरावती, तिथून अकोला, अकोल्याहून तेल्हारा. तीन गाड्या बदलून आपण पोचतो तेव्हा काका ओट्यावर बसलेले असतात. तुम्ही दोघं एका पलटणीतले, दोघंही वऱ्हाडातले, एवढंच मला माहीत. तुम्ही चप्पल बाहेर काढता, कोणाशी न बोलता आत जाता, चुलीवरचं पाणी घमेल्यात घेऊन येता, काकांच्या पायाचा पट्टा सोडता आणि तो उरलेला तुकडा धुता, पुसता, त्याला तेल लावता. काकू अवघडून म्हणतात, "भाऊजी, राहू द्या न, मी करतो न थे." तुम्ही मान वर करत नाही. काका हसतात. "अवं, करू दे त्याले. एक पाय दुश्मनानं नेला, उरलेला तुकडा हा दाबून दाबून झिजवते." आणि मी कोपऱ्यात तो सुटा पाय मांडीवर घेऊन त्याचे स्क्रू बघत बसतो. नऊ वर्षांचा आहे मी. घोट्यातले दोन वायसर उलटे बसलेत हे मला दिसतं. मी ते सुलटे करतो, आणि काका उठून ओट्यावर दोन चकरा मारतात. आवाज नाही. "अबे फौजी, हा पोट्टा तं मिस्त्री निंगाला!" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, तेलाचा हात. परत येताना अकोल्याच्या बाजारात तुम्ही मला स्क्रू पिळायचा लाल मुठीचा पेचकस घेऊन दिला. मी मागितला नव्हता.

मला वाटायचं, दोस्ती अशी असते. तुम्हाला दुसरा कोणी दोस्त नव्हता, म्हणून मला तुलनाही करता आली नाही.

गावात तुम्हाला सगळे फौजी म्हणायचे, पण त्यात थोडी मस्करी असायची. एकाहत्तरची लढाई करून आलेला माणूस, दोन वर्षांत फौज सोडून घरी येतो, पेन्शन पिकायच्या आत, आणि पाच एकरांत कपाशी लावत बसतो, हे त्यांना समजायचं नाही. शिवाय तुमच्या तऱ्हा. वेचणीच्या दिवशी बाया शेतात शिरायच्या आत तुम्ही एकटे काठी घेऊन सगळा धुरा, म्हणजे चारी बाजूंचा बांध, पाऊल पाऊल ठोकत फिरायचे. बाया रस्त्यावर उभ्या राहून हसायच्या. "आता कवायत झाल्याबिगर कापसाले हात लावू देत नाई हा!" तुम्ही फेरी पूर्ण करूनच हात हलवायचे, या म्हणून. आणि घरात ते पिठाचं. मायनं पोळ्यांचं पीठ भिजवलं की ते तसंच ठेवलेलं तुम्हाला चालायचं नाही. भिजवलं की लगेच लाट. एकदा दारात कोणी बोलावलं म्हणून ती परातीवर फडकं टाकून बाहेर गेली, तर तुम्ही स्वयंपाकघरात येऊन ते झाकलेलं पीठ बघितलं आणि परात उचलून उकिरड्यावर रिकामी केली. मी मनात म्हणालो, याचं डोकं फौजेनं खाल्लं.

आता तो दिवस. मी अकरा वर्षांचा होतो. टोबणीचा, म्हणजे सरकी हातानं पेरायचा, शेवटचा दिवस होता. चौफुलीची टोबणी, आडव्या-उभ्या काकऱ्या पाडलेल्या, जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं दोन-दोन सरक्या. मी ओळ धरून बायांच्या बरोबरीनं टोबत होतो आणि एकही फुली माझी चुकलेली नव्हती. संध्याकाळी ओटीत मूठभर सरकी उरली. आजा जिवंत असताना सांगायचा, ओटीत उरलेलं बियाणं घरी परत न्यायचं नाही, रानाचं रानात ठेवायचं, धुऱ्यावर टोबून टाकायचं. मी तेच केलं. बोटानं भोक, दोन सरक्या, वर माती. तुमची पावलं मला ऐकू आली नाहीत. कानाखाली बसली तेव्हा मी धुऱ्याच्या खालीच पडलो.

"किती टोबल्या?"

मला काहीच कळत नव्हतं. "आज्यानं सांगतलं व्हतं..."

"किती टोबल्या, सांग! कोठी कोठी?"

मी मोजल्या नव्हत्या. तसं म्हणालो, तर दुसरी बसली. आणि मग तुम्ही गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी धुरा उकरायला लागले. तीस-चाळीस हात लांब, अंधार पडेपर्यंत. नखं फुटली तरी. बाया डोक्यावर पाट्या घेऊन थांबल्या होत्या. "अवं माय, फौजीचं डोस्कं फिरलं! सरकीसाठी लेकराले मारते काय कोनी?" मी त्या सगळ्यांसमोर उभा होतो. तेव्हापासून मी सगळं मोजतो, बाबा. पायऱ्या, खिळे, पट्ट्याची भोकं. आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मी बंद केलं. सतराव्या वर्षी अमरावतीला निघून आलो, तेव्हाही तुम्हाला सांगून नाही आलो.

या दिवाळीनंतर काकांचा फोन आला. "अबे पोट्ट्या, पाय तडकला. टाच खाली टेकली का कटकन वाजते." बावन्न वर्षांच्या माणसाला ते अजून पोट्ट्याच म्हणतात, आणि त्यांनी म्हटलेलं मला चालतं. माय स्वयंपाकघरात सूप घेऊन तूर पाखडत बसली होती.

"कोन येऊन राहिलं?" तिनं विचारलं.

"तेल्हाऱ्याचे काका. पाय बदलाचा आहे."

सूप थांबलं. "चांगला बनवजो. तुह्या बापानंच घेतला थो."

मला वाटलं, वय झालं हिचं. "काय घेतला? पाय?"

"हो. तुले मारलं न त्या दिवशी, सरकीपायी? तवा म्या इचारलं, लेकराले एवढं काहून मारलं. मंग सांगतलं त्यानं. चुलीजवळ बसून सांगतलं. अन् आन घातली, कोनाले सांगशीन नको."

"मग आता काहून सांगून राहिली?"

"मी मेल्यावर कोन सांगन तुले?" असं म्हणून ती पुन्हा पाखडायला लागली.

मी तिला तीन वेळा विचारलं. तीन वेगवेगळ्या दिवशी, मुद्दाम, तपशील बदलतो का ते बघायला. बदलला नाही. आता तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगतो. कुठे चुकत असेल तर दुरुस्त करायला तुम्ही नाहीत, तेवढं समजून घ्या.

सीमेपलीकडचं एक गाव. लोक आदल्या दिवशी पळालेले. तुमची पलटण गावात शिरली तेव्हा एका घरात चुलीजवळ परात होती, परातीत भिजवलेलं पीठ, वर फडकं. पीठ वाळून त्याला भेगा पडलेल्या. त्यावर चार बोटं उमटलेली होती, बाईची असावीत. गावाबाहेर शेतं, आणि शेतांत कापूस फुटून उभा, पांढराफेक, वेचायचा राहिलेला. "तिथं बी पऱ्हाटीच होती," तुम्ही मायला म्हणालात म्हणे, दोनदा. त्या पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत, सुरुंग पेरायचा हुकूम तुमच्या तुकडीला आला. दोरीला गाठी मारून अंतर धरायचं, गाठीला एक सुरुंग. तुम्ही आणि काका, दोघांचेही हात टोबणीत मुरलेले. तुम्ही आडव्या-उभ्या ओळी अशा धरल्या की साहेब खूश झाला. बाकीच्यांना म्हणाला, यांच्यासारखं करा. तुम्ही एकवीस वर्षांचे होते आणि दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. शेवटची ओळ संपली तेव्हा तुमच्या पिशवीत तीन उरले. काका तेव्हा दुसऱ्या टोकाला होते. तुम्ही धुऱ्यावर गेलात आणि तीन ठिकाणी ते पुरून टाकले. घरी परत न्यायचं नाही. हाताला जी सवय होती ती हातानं केली. संख्येत ते तीन धरले गेले. नकाशात नव्हते.

वर्षानं ती जमीन परत द्यायचं ठरलं आणि जे पेरलं ते काढायला पलटण तिथंच. ओळीतले सगळे नकाशाप्रमाणे निघाले. तीन कमी भरले. मधल्या काळात गुरं, कोल्ही पाय पडून उडाली होती, त्यातच हे तीन गेले असतील असं साहेबानं धरलं. तुम्हाला त्या दिवशी आठवलं. बोलला असतात तर तुमची चौकशी झाली असती, शिक्षा झाली असती. म्हणून तुम्ही ठरवलं की एकेक करून स्वतःच काढायचे. पहिल्या दिवशी पहाटे एक काढला आणि बाकीच्या ढिगात मिसळला. उरलेले दोन दुसऱ्या दिवशी काढणार होता. पण पहिल्याच दिवशी दुपारी काका धुऱ्यावर गेले. आदल्या सालची पऱ्हाटी तिथं पुन्हा फुटली होती, तिला बोंडं धरली होती. काकांनी चिमटीत कापूस ओढून बघितला, धागा आपल्यापेक्षा लांब. तुम्हाला हाक मारली, "अबे, इची सरकी नेतो घरी. तेल्हाऱ्याले लावून पायतो." आणि एक पाऊल पुढे टाकलं.

साहेबानं कागदावर लिहिलं, सुरुंग दुश्मनाचा. धुऱ्याला तार ओढली, तिकडे जायची बंदी केली आणि आठवड्यात पलटण हलली. तुम्ही गप्प राहिलात. तिसरा तिथंच राहिला.

तार किती दिवस टिकते, बाबा? आपल्या गावात सरकारी तार आठ दिवस टिकत नाही, लोक कुंपणाला नेतात. आणि धुरा ही बायांची जागा. वेचलेल्या कापसाचं गाठोडं तिथं ठेवतात, लेकराला तिथं निजवतात, भाकर तिथं सोडतात. तुम्ही काठी घेऊन कोणाचा धुरा ठोकत होता ते मला आत्ता कळलं. मला वाटलं होतं, कारण कळलं की ती कानाखालची पुसली जाईल. तसं झालं नाही. ती आहेच. तिच्या शेजारी हे आणखी एक येऊन बसलं.

काका मार्गशीर्षात आले, मुलानं मोटारसायकलवर अकोल्यापर्यंत सोडलं, पुढे एस.टी.नं एकटेच. पंचाहत्तरीला टेकलेत, पण आवाज तोच. येता येताच कारागिरांना म्हणाले, "हा तुमचा मालक माह्या पायावर शिकला बरं. फुकटात." मी माप घेत होतो आणि ते सव्वीस जानेवारीचं सांगत होते. दरवर्षी शाळेत त्यांना बोलावतात. खुर्चीवर बसवतात, हार घालतात, आणि ते पोरांना सांगतात, दुश्मनाच्या सुरुंगानं माझा पाय नेला. "अशा शिव्या देतो न त्याइले, हेडमास्तर टेबलाखालून पाय दाबते माहा. म्हनते, बस, काका, बस. गेल्या साली एक पोट्टी उठून म्हने, आजोबा, तिकडचे सगळेच वाईट आहेत काय? म्या म्हनलं, सगळे. एकूनएक. लेकरंबाळंसुद्धा."

मी कारागिरांना चहाला पाठवलं. मग प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या काकांच्या उरलेल्या पायावर गुंडाळल्या आणि दोन्ही तळव्यांनी साचा धरून बसलो. प्लास्टर घट्ट होईस्तोवर आठ-दहा मिनिटं पेशंटला हलता येत नाही. हलला की साचा वाया जातो. ती वेळ मी का निवडली ते मला माहीत होतं.

"काका, तो सुरुंग त्यांचा नव्हता."

"मंग कोनाचा?"

"आपला. बाबांनी टोबला होता. तीन उरले होते, धुऱ्यावर टोबले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. "कोनी सांगतलं?"

"मायनं. तिला बाबांनी."

"वहिनीले मालूम व्हतं?"

"मी अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून."

काका म्हणाले, "असं बांधून ठेवून सांगतलं तू मले. पळता येऊ नाई म्हनून. बापावर गेला लेका." मी साच्याची कड अंगठ्यानं दाबली. "म्हनून तेल लावे तो," ते म्हणाले. "तीस वर्षं. मी त्याच्यासमोर त्याइच्या मायबहिनीच्या नावानं शिव्या देऊ, अन् हा खाली मुंडी घालून पाय पुशे. एकदा बी नाई म्हनला का चूप रे, थे त्याइनं नाई केलं." त्यांचा आवाज चढला नाही. मी त्यांना कधी इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "पन्नास वर्षाच्या वर झाले देऊन राहिलो. आता त्या शिव्या कोठी ठिऊ म्या?"

प्लास्टर घट्ट होताना तापतं. माझ्या तळहातांना ती ऊब लागत होती, त्यांच्या कातडीलाही लागत असणार. ते म्हणाले, "तीन म्हनला न तू? एक माह्या पायाखाली. दुसरा?"

"त्याच दिवशी पहाटे बाबांनी काढला होता."

"अन् तिसरा?"

मी साचा धरून होतो.

"थो धुरा रस्त्याच्या अंगाचा व्हता," काका म्हणाले. "कापसाची गाडी तठी लागत असन. बाया बोचके तठीच ठेवत असतीन, आपल्याइकडे ठेवतेत तशा. मले तं आपली पलटन होती, उचलून नेलं, दवाखाना भेटला. त्या बायाइले कोन उचलन बे? तिसरा काढला का त्यानं?"

"काढला," मी म्हणालो. "तुम्हाला नेलं त्याच संध्याकाळी. बंदी होती तरी गेले. एकटे."

"पक्कं?"

"काका, तुम्ही मला ओळखता. मी मोजल्याबिगर बोलत नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक हाये," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मंग ठीक हाये." मी साचा उतरवला. त्यांनी पाय पुसायला फडकं मागून घेतलं आणि स्वतःच पुसला, मला हात लावू दिला नाही. चहा आला तो घेतला. आठ दिवसांनी पाय न्यायला आले तेव्हाही जेवढ्यास तेवढं बोलले. पाय घालून दारापर्यंत गेले, परत आले, टाच दोन सूत आत घे म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. दोन सूतच जास्त होती. माझी इतक्या वर्षांत अशी चूक झालेली नाही.

मायला मी एवढंच सांगितलं की काकांना सांगून टाकलं. "काय म्हनले?" "ठीक आहे म्हणाले." ती म्हणाली, "देवमानूस हाये," आणि डोळ्याला पदर लावला. बाकीचं तिला बोललो नाही. तिसऱ्याचं खरं काय ते आता या घरात तिला आणि मला माहीत आहे, आणि मी काकांना काय सांगितलं ते फक्त मला. एक दिवस ती त्यांच्याशी फोनवर बोलेल, तेव्हा काय होईल याचा मी विचार करत नाही. करतो, पण पुढे जात नाही.

नकाशात ते गाव शोधायचा प्रयत्न केला. आता फोनवर वरून सगळं दिसतं, शेतं, बांध, झाडंसुद्धा. मायला गावाचं नाव माहीत नव्हतं, तुम्ही सांगितलं नव्हतं. मी सीमेपलीकडची पट्टी बोटानं वर-खाली सरकवत बसलो. सगळीकडे धुरे. कापसाचा मोसम असताना घेतलेला फोटो असावा, काही शेतांत बारीक ठिपके होते. बाया असतील, नाहीतर झुडपं. एवढ्या उंचीवरून फरक कळत नाही, आणि मी अंदाज करणार नाही.

परवा काकांचा फोन आला. पुन्हा तोच मोठा आवाज. "अबे पोट्ट्या, आयक. यंदा शिव्या नाई. म्या ठरोलं. पोट्ट्याइले खरं सांगतो, थो सुरुंग आपलाच व्हता, माह्या दोस्ताच्या हातचा. चूक झाली म्हनतो, लढाईत अशी बी चूक होते, नकाशात नसते थे. अन् मंग सांगतो का माहा दोस्त बंदी मोडून गेला, जीव मुठीत धरून गेला, अन् तिसरा काढून आला. कोनासाठी? तिकडच्या बायाइसाठी. दुश्मनाच्या बायाइसाठी! थे पोट्टी इचारे न, तिले सांगतो. हेडमास्तर नाई म्हनत व्हता, म्या म्हनलं, मंग तुह्या झेंड्याले मी येतच नाई. आता तू येजो. फौजीचा पोरगा म्हनून माह्या बाजूले उभा राह्यजो. येशीन न?"

हे कागद मी त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या फायलीत ठेवून देईन. ती फाईल माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

मी येतो म्हणालो, बाबा. आणि फोन ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं, मोजली नाहीत, तुम्ही तो खरंच काढला होता असं मलाही वाटत राहिलं.